‘इकिगाई’ वाचताना : चार वर्तुळं, एक जपानी शब्द आणि तुमचा पीएचडीचा विषय

पेटच्या मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो. ‘हाच विषय का?’ आणि त्याच्या मागोमाग, थोड्या वेगळ्या शब्दांत, ‘संशोधनच का?’ पहिल्याचं उत्तर तुम्ही पाठ केलेलं असतं. दुसऱ्यापाशी बरेच जण अडखळतात. मग घरी आल्यावर शंका सुरू होते : मला आयुष्यात नक्की काय करायचं आहे हेच माहीत नसेल, तर पाच वर्षं एका विषयावर घालवायचा अधिकार मला आहे का? माझ्यात नवीन काही सुचण्याची कुवत तरी आहे का?

या शंकेवर औषध म्हणून सध्या सगळ्यात जास्त हातात दिसणारं पुस्तक म्हणजे ‘इकिगाई’. एक्तोर गार्सिया आणि फ्रान्सेस्क मिराय्येस यांचं हे पुस्तक २०१६ मध्ये स्पॅनिशमध्ये आलं, २०१७ मध्ये इंग्रजीत आलं आणि नंतर मराठीतही. अप्पा बळवंत चौकात फिरलात तर स्पर्धा परीक्षेच्या गाइडांच्या शेजारी ते रचलेलं दिसेल. या लेखात आपण ते पुस्तक संशोधकासारखं वाचू. म्हणजे काय, तर ‘आवडलं की नाही’ यावर न थांबता प्रत्येक दाव्याला तीन प्रश्न विचारायचे : हे कुठून आलं? कशावरून? आणि पुराव्यातून नेमकं एवढंच निघतं का?

हे करायचं कारण फक्त सरावाचं नाही. या पुस्तकाच्या आधारावर लोक खरेच निर्णय घेतात. ‘माझं इकिगाई सापडेना, म्हणून विषय बदलतोय’ असं म्हणणारे विद्यार्थी आहेत. पुराव्याची बाजू कच्ची असेल, तर त्याची किंमत तुमच्या दोन-तीन वर्षांनी मोजावी लागते.

१. ती चार वर्तुळं जपानी नाहीत

इकिगाई म्हटलं की डोळ्यासमोर येते ती एकमेकांना छेदणाऱ्या चार वर्तुळांची आकृती. मला काय आवडतं, मला काय चांगलं जमतं, जगाला कशाची गरज आहे आणि कशाचे पैसे मिळतात. चारही जिथे एकत्र येतात तो मधला ठिपका म्हणजे म्हणे तुमचं इकिगाई.

या आकृतीचा माग काढला तर आपण जपानला पोहोचतच नाही, स्पेनला पोहोचतो. आंद्रेस झुझुनागा या स्पॅनिश ज्योतिषाने ही आकृती ‘उद्दिष्ट’ या नावाने मांडली होती. मधल्या ठिपक्यावर ‘उद्दिष्ट’ असं लिहिलेलं होतं. २०१४ मध्ये मार्क विन या ब्रिटिश लेखकाने ओकिनावातल्या दीर्घायुषी लोकांबद्दलचं एक भाषण पाहिलं, त्यात ‘इकिगाई’ हा शब्द ऐकला आणि आकृतीच्या मधला शब्द बदलून तिथे ‘इकिगाई’ लिहिलं. बदल एवढाच. गार्सिया-मिराय्येस यांच्या पुस्तकात हीच आकृती आहे, आणि तिथे श्रेय विन यांना दिलेलं आहे.

म्हणजे लेखकांनी काही लपवलेलं नाही. पण वाचकाच्या मनात काय बसतं? ‘हे शेकडो वर्षांचं जपानी शहाणपण आहे.’ आकृती उपयोगाची असू शकते, तो वेगळा मुद्दा. पण तिच्यामागे परंपरेचं वजन नाही आणि कुठला अभ्यासही नाही. तुमच्या प्रबंधात एखादी संकल्पना तुम्ही ‘परंपरेने चालत आलेली’ म्हणून वापरलीत आणि ती २०१४ ची निघाली, तर व्हायवामध्ये काय होईल याची कल्पना करा. म्हणून पहिला नियम : संकल्पना वापरण्याआधी तिचा जन्मदाखला बघायचा.

२. मग जपानमध्ये या शब्दाचा विचार कोणी केला?

‘इकी’ म्हणजे जगणं आणि ‘गाई’ म्हणजे मोल, सार्थक. मराठीत आपण ‘जगण्याचं सार्थक’ म्हणतो त्याच्या बरंच जवळ. रोजच्या जपानी बोलण्यात हा शब्द नातवंडांसाठी, बागकामासाठी, एखाद्या छंदासाठीही सहज वापरतात. पैसे मिळण्याची अट त्यात कुठेच नाही.

या शब्दावरचं महत्त्वाचं पुस्तक १९६६ मध्ये आलं. लेखिका मिएको कामिया (१९१४–१९७९), पेशाने मनोविकारतज्ज्ञ. ओकायामा प्रांतातल्या नागाशिमा बेटावर कुष्ठरुग्णांचं एक आरोग्यधाम होतं, तिथे त्यांनी काम केलं. त्या काळी जपानमध्ये कुष्ठरुग्णांना कायद्याने समाजापासून वेगळं ठेवलं जाई. तो कायदा रद्द व्हायला १९९६ साल उजाडलं. कामियांना पडलेला प्रश्न साधा आणि भेदक होता. आजार एक, बेट एक, दिवसाचा क्रमही एक. तरी काहींना जगणं पोकळ वाटतं आणि काहींना त्यात अर्थ सापडतो. हा फरक कशामुळे?

आता हा प्रश्न त्या चार वर्तुळांत बसवून बघा. ज्याला घर नाही, नोकरी नाही, ज्याचं नावसुद्धा घरचे उच्चारत नाहीत, त्याचं ‘पैसे मिळतात’ हे वर्तुळ रिकामंच आहे. आकृतीच्या हिशेबाने त्याला इकिगाई असूच शकत नाही. आणि कामियांचा अभ्यास सुरूच होतो तो तिथून. आपल्याकडे वरोऱ्याजवळच्या आनंदवनाबद्दल तुम्ही वाचलं असेल. बाबा आमट्यांनी तिथे कुष्ठरुग्णांच्या हाताला काम देण्यावर भर दिला. ‘आधी तुमचं उद्दिष्ट शोधा, मग कामाला या’ असा क्रम तिथे नव्हता.

कामिया आणखी एक फरक करतात, तो टिपून ठेवा. इकिगाई ज्या गोष्टीमुळे वाटतं ती गोष्ट वेगळी, आणि ‘माझ्या जगण्याला मोल आहे’ ही भावना वेगळी. आपण सहसा पहिलीच्या मागे धावतो : विषय कोणता, करिअर कोणतं. त्यांच्या लेखी दुसरी जास्त महत्त्वाची होती. संशोधनाच्या भाषेत सांगायचं तर एकाच शब्दाखाली दोन चलं आहेत आणि आकृतीने ती एक करून टाकली आहेत.

३. ‘इकिगाई असेल तर माणूस जास्त जगतो’

हा दावा हवेतला नाही. जपानच्या ईशान्येकडच्या मियागी प्रांतात ओसाकी नावाच्या भागात एक मोठा पाहणी-अभ्यास झाला. १९९४ मध्ये ४० ते ७९ वर्षं वयाच्या लोकांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या. ४३,३९१ जणांवर सात वर्षं लक्ष ठेवलं. त्या काळात ३,०४८ जण वारले. निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले : ‘इकिगाई नाही’ म्हणणाऱ्यांचा मृत्यूचा धोका ‘आहे’ म्हणणाऱ्यांच्या सुमारे १.५ पट होता.

आकडे दणदणीत आहेत, म्हणूनच हळू वाचा.

एक, मोजलं कसं? एका प्रश्नावर. ‘तुमच्या आयुष्यात इकिगाई आहे का?’ चार वर्तुळं नाहीत, उद्दिष्टाची व्याख्या नाही. उत्तर देणाऱ्याने त्या शब्दाचा जो अर्थ घेतला तो घेतला.

दोन, ‘नाही’ म्हणणारे कोण होते? त्यांच्यात अविवाहित, बेकार, कमी शिकलेले, अंगदुखीने त्रस्त, हालचालीवर मर्यादा आलेले आणि मानसिक ताण असलेले लोक जास्त होते. संशोधकांनी गणिताने या गोष्टींचा प्रभाव वजा केला आणि तरीही १.५ हा आकडा उरला, हे त्यांच्या अभ्यासाचं बळ आहे. पण प्रश्नावलीत न आलेलं दुखणं वजा करता येत नाही. आतून पोखरलेल्या माणसाला जगण्यात राम वाटेनासा होतो आणि तो लवकर जातोही. तिथे कारण कोणतं आणि परिणाम कोणता?

तीन, धोका सगळ्या मृत्यूंमध्ये सारखा वाढलेला दिसला नाही. हृदय-रक्तवाहिन्यांचे आजार आणि अपघातासारखी बाह्य कारणं यांत दिसला, कर्करोगात दिसला नाही. ‘इकिगाई सगळ्यावर इलाज’ असं म्हणणाऱ्याने हा तपशील गाळलेला असतो.

चार, आणि हा आकडा मला सगळ्यात बोलका वाटतो. ‘आहे’ म्हणणारे ५९ टक्के होते, ‘नाही’ म्हणणारे अवघे ४.६ टक्के. उरलेले ३६.४ टक्के काय म्हणाले? ‘नक्की सांगता येत नाही.’ चाळिशी ते ऐंशीच्या दरम्यानच्या, संसार केलेल्या, शेती-धंदा सांभाळलेल्या लोकांपैकी तिघांतल्या एकापेक्षा जास्त जणांना सांगता येत नव्हतं. तुम्ही तेवीस-चोवीस वर्षांचे आहात. तुम्हाला मुलाखतीत सांगता आलं नाही, तर त्यात एवढं लाजण्यासारखं काय आहे?

४. ज्यांना विचारलं ते, आणि ज्यांना विचारलंच नाही ते

पुस्तकाचा गाभा म्हणजे ओकिनावातल्या ओगिमी गावातल्या वृद्धांच्या मुलाखती. भाजीचा मळा, मित्रमंडळ, ऐंशी टक्के पोट भरलं की थांबणं. वाचायला हा भाग छान आहे. पण नमुना बघा. जे नव्वद-शंभर वर्षं जगले त्यांनाच विचारलं, ‘तुम्ही कसे जगलात?’ त्याच गावात तोच मळा, तेच मित्र, तीच भाजी असलेले आणि साठीत गेलेले लोक असणारच. ते उत्तर द्यायला नाहीत. केवळ टिकलेल्यांकडे बघून टिकण्याचं कारण ठरवणं, ही चूक संशोधनात इतकी जुनी आहे की पद्धतीशास्त्राच्या पेपरात तिच्यावर प्रश्न येतो.

शिवाय ओकिनावाच्या पुरुषांचं सरासरी आयुर्मान २००० सालच्या आकडेवारीत जपानच्या ४७ प्रांतांत २६ व्या क्रमांकावर घसरलं. जपानमध्ये त्याची मोठी चर्चा झाली. एका पिढीत शब्द बदलला नव्हता, भाषा बदलली नव्हती. बदललं होतं खाणं, चालणं, राहणीमान. दीर्घायुष्याचं श्रेय इकिगाईला द्यायचं असेल, तर या घसरणीचं उत्तरही तिथूनच द्यावं लागेल. वयांच्या नोंदींबद्दलही वाद आहे. १९४५ च्या युद्धात ओकिनावातली कुटुंब-नोंदणीची दप्तरं नष्ट झाली होती. सॉल न्यूमन या संशोधकाने जगभरच्या अतिवृद्धांच्या नोंदींवर गंभीर शंका घेतल्या आहेत, आणि दीर्घायुष्याचे इतर अभ्यासक त्या शंका खोडून काढतात. वाद मिटलेला नाही. पण पुस्तक वाचून वाद आहे हेच कळत नाही.

सर्जनशीलतेच्या बाबतीतही हेच. पुस्तकात ‘फ्लो’ म्हणजे कामात तल्लीन होण्याच्या अवस्थेवर प्रकरण आहे. ते मिहाय चिक्सेंटमिहाय यांच्या कामावर उभं आहे. त्यांच्या १९९६ च्या सर्जनशीलतेवरच्या पुस्तकासाठी त्यांनी २७५ नामवंतांना विचारणा केली होती आणि ९१ जणांच्या मुलाखती झाल्या. हे सगळे यशस्वी झालेले लोक. तितकेच तल्लीन होऊन काम केलेले पण नाव न झालेले लोक यादीत येण्याचा प्रश्नच नव्हता. चिक्सेंटमिहाय यांनी नमुना कसा घेतला हे स्वतः उघडपणे लिहिलं आहे. त्यांच्यावरून लिहिणारी लोकप्रिय पुस्तकं हीच बाजू सोडून देतात.

५. उद्दिष्ट सापडतं की घडतं?

इथे येऊन पुस्तकाचा मूळ आधारच तपासावा लागतो. तो आधार असा : तुमच्या आत एक इकिगाई आधीच दडलेलं आहे, धीराने शोधा म्हणजे मिळेल.

पॉल ओकीफ, कॅरल ड्वेक आणि ग्रेग वॉल्टन यांनी २०१८ मध्ये नेमका हाच समज तपासला. त्यांच्या प्रयोगांत विद्यार्थ्यांचे दोन प्रकार दिसले. काहींना वाटतं आवड ठरलेली असते, फक्त शोधायची असते. काहींना वाटतं ती हळूहळू तयार होते. पहिल्या प्रकारच्या विद्यार्थ्यांना स्वतःच्या क्षेत्राबाहेरच्या लेखांत कमी रस वाटला. कृष्णविवरांवरची सोपी चित्रफीत बघून बहुतेकांना विषय आवडला. पण त्यानंतर त्याच विषयावरचा अवघड शोधलेख वाचायला दिला, तेव्हा ‘आवड ठरलेली असते’ मानणाऱ्यांचा रस जास्त घसरला. एकदा आवड सापडली की काम सोपं जाईल, अशी त्यांची अपेक्षा होती.

हे प्रयोग थोड्या वेळाचे आणि प्रयोगशाळेतले आहेत, अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांवरचे आहेत. यावरून ‘शोधू नका’ असा हुकूम निघत नाही. पण पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाचं चित्र मात्र ओळखीचं वाटतं ना? पहिल्या वर्षी विषय म्हणजे चित्रफीत. दुसऱ्या वर्षी विषय म्हणजे तो अवघड लेख. आणि तेव्हाच मनात येतं, ‘कदाचित हा माझा विषयच नव्हता.’ विषय कठीण झाला म्हणजे तो चुकीचा होता, असं सिद्ध होत नाही.

मोजमापाच्या बाजूनेही हे दिसतं. मायकेल स्टेगर आणि सहकाऱ्यांची २००६ ची जीवनार्थ-प्रश्नावली दहा विधानांची आहे. पाच विधानं ‘अर्थ आहे का’ हे मोजतात, पाच ‘अर्थाचा शोध चालू आहे का’ हे. शोध आणि सापडणं या दोन वेगळ्या गोष्टी म्हणून मोजाव्या लागतात. जास्त शोधलं की जास्त सापडतं, असं गृहीत धरता येत नाही.

६. आणि सुचण्याचं काय?

‘आधी उद्दिष्ट, मग प्रेरणा, मग कल्पना’ असा जिना पुस्तकांतून दिसतो. संशोधकांच्या कारकिर्दींचा अभ्यास वेगळं काही दाखवतो. रोबर्टा सिनात्रा आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये २,८८७ भौतिकशास्त्रज्ञांच्या शोधनिबंधांचा क्रम तपासला. प्रत्येकाचा सगळ्यात प्रभावी निबंध कारकिर्दीत कितवा होता? तर त्याला ठराविक जागाच नव्हती. तो पहिल्या काहींत असू शकतो, मधे असू शकतो, शेवटचाही असू शकतो. तरुणपणी मोठे शोध जास्त दिसतात, कारण तेव्हा माणूस जास्त निबंध लिहितो.

याची मर्यादाही सांगतो. प्रभाव म्हणजे इथे उद्धरणांची संख्या, आणि उद्धरणं म्हणजे सर्जनशीलता नव्हे. माणसामाणसांत फरक असतो हेही त्याच अभ्यासात आहे. भरपूर लिहिलं की सगळे सारखे, असं नाही. पण आपल्या कामाचा भाग एवढा : चांगलं काम कधी होईल हे आधी कळत नाही. म्हणून काम करत राहणं हाच हातात असलेला उपाय आहे. सुचलं की लिहीन, असं म्हणणाऱ्याला बहुधा लिहिताना सुचतं हे कळायचं राहून जातं.

मग पुस्तक वाचायचं की नाही?

जरूर वाचा. मोकळेपणाने सांगायचं तर त्यातला बराचसा सल्ला निरुपद्रवी आणि चांगला आहे : हालचाल ठेवा, मित्र जोडा, घाई कमी करा, निवृत्तीनंतरही काही करत राहा. व्हिक्टर फ्रँकल आणि जपानी मोरिता उपचारपद्धतीची ओळख पुस्तकात आहे, आणि तिथून मूळ ग्रंथांकडे जाता येतं. थकलेल्या माणसाला बरं वाटावं अशा सुरात ते लिहिलं आहे, आणि बरं वाटण्यालाही किंमत आहे. तक्रार एवढीच की ते सल्ल्याला शास्त्राचा आणि परंपरेचा असा दोन्ही शिक्का मारतं, आणि दोन्ही शिक्के तपासल्यावर पुसट निघतात. सगळ्यात खटकतं ते चौथं वर्तुळ. ज्या विषयाला बाजार नाही त्याचा अभ्यास करणारा, म्हणजे बोलीभाषांचा, लोककलांचा किंवा मूलभूत गणिताचा विद्यार्थी, या आकृतीसमोर उगीचच अपुरा ठरतो. फेलोशिपचा हप्ता लांबला म्हणून जगण्याचा अर्थ लांबत नाही. हप्ता लांबणं हा व्यवस्थेचा प्रश्न आहे आणि तो तसाच मांडला पाहिजे.

तुमच्यासाठी यातून घेण्यासारखं काय, ते थोडक्यात :

- मुलाखतीत ‘हे माझं जीवनध्येय आहे’ म्हणण्याची गरज नाही. ‘हा प्रश्न मला सुटत नाही, आणि तो सोडवायची ही एक वाट मला दिसते’ एवढं पुरतं. समितीला तुमचा प्रश्न किती नेमका आहे हे बघायचं असतं.
- विषय सोडावासा वाटला तर आधी एक फरक करा. काम अवघड झालंय, की प्रश्नच फोल निघालाय? पहिलं असेल तर मदत मागा. दुसरं असेल तर बदला, आणि बिनधास्त बदला. मार्गदर्शकांपुढे पुरावा ठेवून बोललात तर सहसा ऐकलं जातं.
- आठवड्याला एक पान लिहायचं ठेवा : या आठवड्यात काय वाचलं, कुठे पटलं नाही, का पटलं नाही. कल्पना बऱ्याचदा ‘पटलं नाही’ या रकान्यातून येतात.
- सततची उदासी, झोप उडणं, कशातच राम न वाटणं असं असेल तर तो पुस्तकाने सोडवायचा प्रश्न नाही. डॉक्टरांकडे जा, समुपदेशकांकडे जा. त्याला उद्दिष्टाचा अभाव असं नाव देऊन दिवस ढकलू नका.

कामियांचा प्रश्न पुन्हा एकदा बघा. ‘अर्थ शोधायचा कसा’ हा कुणालाही पडणारा प्रश्न त्यांनी उचलला नाही. ‘परिस्थिती एकच असताना फरक का पडतो’ हा तुलनेचा प्रश्न त्यांनी उचलला, आणि समोरच्या माणसांना विचारायला त्या बेटावर गेल्या. धूसर काळजीतून तपासता येईल असा प्रश्न काढणं, संशोधनातली सर्जनशीलता बहुतेक वेळा एवढीच असते. ती सरावाने येते. तुमच्या प्रस्तावाचा मसुदा उघडा आणि पहिल्या पानावरचा प्रश्न तुलनेचा करून बघा.